नवा लढाऊ गणवेश आधी, की सियाचेनचे बूट?

वैनतेय:
१५ जानेवारी २०२२ रोजी, सेनादिनाच्या संचलनात, पॅराशूट रेजिमेंटच्या जवानांनी भूदलाचा नवा लढाऊ गणवेश प्रथमच परिधान केला आणि त्याचे सर्वत्र कौतुक झाले. मला मात्र त्याच्या दोन वर्षे आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, संसदेत मांडलेला ‘कॅग’चा, म्हणजे सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आठवत राहिला. सियाचेनसारख्या अत्युच्च भागातील तुकड्यांसाठी लागणाऱ्या बर्फाच्या गॉगलची तूट त्यात ६२ ते ९८ टक्के नोंदवली होती, आणि नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बूट न मिळाल्याने जुनेच बूट पुन्हा वापरात आणावे लागले होते. जिथे बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने दृष्टी जाऊ शकते, तिथली ही तूट भरून निघाल्याचे देशाला दाखवल्यावरच कापडाची नक्षी बदलायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

माजी हवालदार:
आपली कळकळ समजते, परंतु तुलना मान्य नाही. लढाऊ गणवेश शोभेसाठी नसतो. दमट जंगलात जाड, ओला कपडा अंगावर घेऊन रात्र काढलेल्या माणसाला हलक्या आणि लवकर वाळणाऱ्या कापडाचे मोल विचारा. शिवाय जुन्या नक्षीचे कापड छावणीबाहेरच्या दुकानांत कोणालाही मिळत असे. दीनानगर (२०१५) आणि पठाणकोट (२०१६) येथील हल्लेखोर लष्करी वेशातच आले होते. म्हणूनच नव्या नक्षीची बौद्धिक संपदा म्हणून नोंदणी केली गेली. हिमकपड्यांची खरेदी निराळी आहे, आणि अहवालातील टंचाई गणवेशाच्या आधीच्या वर्षांतील आहे.

रेवा:
हवालदारसाहेब, अहवालातील शिध्याचा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. ठरलेला पदार्थ नसेल तर तेवढ्याच किमतीचा पर्यायी पदार्थ द्यावा, असा नियम होता. पण पर्याय महाग असल्याने त्याच पैशांत कमी अन्न मिळाले आणि काही बाबतींत उष्मांक तब्बल ८२ टक्क्यांपर्यंत घटले. हिशेब जुळला, जवान मात्र अर्धपोटी राहिला. सियाचेनच्या तळावरील रुग्णालयासाठी २०१९ मध्ये उभ्या राहिलेल्या प्राणवायू प्रकल्पाची सुरुवात पुण्यातील एका दांपत्याने स्वतःचे दागिने विकून केली, याचा मराठी माणूस म्हणून मला अभिमान वाटतो आणि तितकेच वाईटही वाटते, कारण हे काम सरकारी तिजोरीचे होते.

वैनतेय:
गणवेशाच्या पैशांतून गॉगल आले असते, असे माझे म्हणणे नाही. लेखाशीर्षे, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाची खाती, वेगळी आहेत आणि दुकानांतील कापडाचा मुद्दाही मी मान्य करतो. माझा आक्षेप तारखेला आहे. गणवेशाला सेनादिनाची मुदत होती, संचलनात तो दिसणार होता, म्हणून तो वेळेवर तयार झाला. बुटांना तशी, साऱ्या देशासमोर जाहीर झालेली मुदत कोणी दिली?

माजी हवालदार:
हे मात्र पटले. मुदत घालायचीच तर ऑगस्टअखेरची घालावी. काश्मीरमधून लडाखला नेणारी झोजी ला खिंड बर्फाने बंद होण्यापूर्वी माल लेहला पोहोचून पुढच्या चौक्यांकडे निघाला पाहिजे. त्यानंतर मंजूर झालेला बूट त्या हिवाळ्यात जवानाच्या पायात वेळेवर पडत नाही.