मदत हवी आहे: बास जेवढा मोठा तेवढी ओढ जास्त, हे खरं का? मोठा मासा जवळ आल्यावरच सुटतो

डोहकाठ

लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाबद्दल विचारायचं आहे. ३० ते ३८ सेंटिमीटरचे मासे गळाला लागले की पहिल्या क्षणापासून थयथयाट करतात, दोन-तीन उड्या मारतात, तरी हातात येतात. ५० सेंटिमीटरच्या पुढचा मासा मात्र सुरुवातीला थंड असतो, निमूट ओढला जातो आणि शेवटच्या तीन-चार मीटरांत एकदम जोर काढून निसटतो.

सामान: २.१ मीटरचा मीडियम-हेवी फास्ट रॉड (बऱ्यापैकी ताठ, टोकाशीच वाकणारा), ७:१ गिअरचं बेटकास्टिंग रीळ (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूल, म्हणजे लाइनची फिरकी, सात वेळा फिरते), १० पौंडी (साडेचार किलो) फ्लोरोकार्बन लाइन. बहुतेक वेळा ४/० मापाच्या एकेरी गळावर मऊ प्लास्टिकचा किडा, कधीकधी दोन ट्रेबलचा (तीन काट्यांच्या गळांचा) क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं कडक नकली आमिष. ड्रॅग (ठरावीक ताणाला लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक) हाताने लाइन ओढून अंदाजाने घट्ट केलेला.

वजन दुप्पट म्हणजे ओढ दुप्पट असा हिशेब धरायचा का? लाइन हाताला जे सांगते त्यावरून आकार ओळखता येतो का? आणि ड्रॅग नेमका किती ठेवायचा, जवळ येताना काय बदलायचं?

खंड्या

वजन दुप्पट म्हणून ओढ दुप्पट, हा हिशेब चुकतो. आधी लांबी आणि वजन बघा. धडधाकट लार्जमाउथ ३० सेंमीला साधारण पावणेचारशे ग्रॅम, ३८ ला आठशेच्या आसपास, ४५ ला १.४ किलो, ५० ला दोन किलो, ६० ला साडेतीन किलोच्या थोडा वर. म्हणजे ३० वरून ६० सेंमीला लांबी दुप्पट झाली, पण वजन नऊ-दहा पट.

स्नायूचा जोर त्याच्या आडव्या छेदावर ठरतो, म्हणजे ढोबळमानाने लांबीच्या वर्गावर. लांबी दुप्पट झाली की जोर चौपट. वजन दहापट आणि जोर चौपट, म्हणजे किलोमागे जोर निम्म्याहूनही कमी. लहान मासा ‘वजनाच्या मानाने भारी’ वाटतो तो यामुळेच, भास नाही तो. शिवाय शेपटीचे ठोके लहान माशात भरभर पडतात. लाइनवर ते थरथरीसारखे येतात, रॉडचं टोक नाचत राहतं. मोठ्या माशाचे ठोके संथ आणि जड. टोक नाचत नाही, मधल्या भागापर्यंत रॉड खाली जातो आणि परत येतो.

म्हणून पहिल्या हिसक्यावरून आकार ठरवू नका. ठोक्यांमधलं अंतर मोजा आणि रॉड कुठपर्यंत वाकतो ते बघा.

सहसा लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट आहे. वाताशयामुळे (पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे) पाण्यात माशाचं वजन जवळजवळ शून्य असतं, तेव्हा लाइनवर त्याचं वजन येतच नाही. येतो तो शेपटीचा जोर, पाण्याचा रोध आणि तुमचं स्वतःचं रीळ. ७:१ चं रीळ एका फेऱ्यात साधारण ७० ते ८० सेंमी लाइन गोळा करतं. सेकंदाला दोन फेरे मारलेत तर माशाला दीड मीटर प्रतिसेकंद वेगाने ओढताय. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेग निम्मा केला की रोध चौथाईवर येतो. मोठ्या लार्जमाउथचं तोंड उघडं असेल तर तो पाण्याने भरलेल्या पोत्यासारखा येतो, आणि आपण त्याला ‘ओढ’ म्हणतो. त्यातली बरीचशी आपणच तयार केलेली असते.

पाणकोंबडी

खंड्यांशी सहमत, फक्त जीवशास्त्राची थोडी भर.

बास दबा धरून बसणारा मासा. त्याच्या अंगात बहुतेक पांढरा स्नायू, तो काही सेकंद जबरदस्त चालतो आणि मग लॅक्टिक आम्ल साठून ढेपाळतो. सतत पोहायला लागणारा लाल स्नायू कडेच्या रेषेलगतच्या पातळ पट्टीपुरता. म्हणून बास शंभर मीटर लाइन काढत पळत नाही. दोन-चार मीटरांचे झपाटे मारतो, आडोशाकडे वळतो, खाली दाबतो. मोठ्या माशाकडे स्नायूचा साठा जास्त, त्यामुळे असे झपाटे त्याच्याकडे जास्त शिल्लक असतात. तुमचा ‘थंड’ मासा दमलेला नसतो, तो नुसता तुमच्या दिशेने पोहत येत असतो. नाव किंवा माणूस दिसला की न वापरलेला साठा एकदम बाहेर काढतो.

ऋतूही बघा. दहा अंश सेल्सिअसखाली सगळेच सुस्त. वीस ते पंचवीसच्या पाण्यात खरी झुंज मिळते. तीसच्या वर पाण्यात प्राणवायू कमी, मासा जोरात सुरुवात करतो आणि लवकर कोसळतो. अंडी घालून झालेली मादी तर लांबीच्या मानाने हलकी आणि दुबळी असते. दोन किलोच्या पुढचे लार्जमाउथ जवळजवळ सगळे मादीच असतात, नर तेवढे वाढत नाहीत. त्यामुळे एकाच लांबीचे दोन मासे एकसारखे ओढतील ही अपेक्षाच ठेवू नका.

कातळपाणी

स्मॉलमाउथ (लार्जमाउथचा भाऊबंद बास) कोणी लावून बघितला नाही का? दीड किलोचा स्मॉलमाउथ अडीच किलोच्या लार्जमाउथला लाजवतो. ‘मोठा म्हणजे जड ओढ’ हे समीकरण तिथेच संपतं.

पाणकोंबडी

@कातळपाणी, त्याच वजनाला स्मॉलमाउथ जास्त झुंजतो हे मान्य, पण वाहत्या आणि थंड पाण्याचा वाटा वजा करून बोला. प्रवाहात मासा आडवा झाला की पाणीच त्याच्यासाठी ओढतं. आणि तुलना करताना हेही धरा की स्मॉलमाउथची जागतिक विक्रमी नोंद १९५५ ची, सुमारे ५.४ किलोची, लार्जमाउथची १९३२ ची जॉर्जियातली आणि २००९ ची जपानच्या बिवा सरोवरातली, दोन्ही सुमारे १०.१ किलोच्या. दीड किलोचा स्मॉलमाउथ त्याच्या जातीत बऱ्यापैकी मोठा असतो, अडीच किलोचा लार्जमाउथ मधला.

आणि स्ट्राइप्ड बास किंवा पीकॉक बास यात आणू नका. नावात बास आहे, कुळं वेगळी. स्ट्राइप्ड बास खरोखर लांब पळतो, तिथे रिळाचा हिशेबच निराळा.

कातळपाणी

प्रवाहाचा मुद्दा मान्य. तरी साचलेल्या पाण्यातही स्मॉलमाउथ खाली दाबतो तसा लार्जमाउथ दाबत नाही, यावर ठाम.

गाठीगोष्टी

डोहकाठ, ड्रॅगवर जाण्याआधी एक सांगा: सुटल्यावर हातात काय उरतं? उत्तर त्यातच असतं.

गळ परत आला पण वाक सरळ झालाय: ड्रॅग जास्त किंवा रॉड फार ताठ, किंवा गळाची तार बारीक. क्रँकबेटच्या ट्रेबलला हे नेहमी होतं.

गळ जसाच्या तसा परत आला: जबड्याच्या कडेच्या पातळ पडद्यात टोचला होता, भोक रुंद झालं, लाइन क्षणभर ढिली पडली आणि गळ निसटला.

लाइन तुटली आणि टोक खरबरीत, पांढुरकं: घासली. बासचे दात कानशीसारखे, शिवाय खडक, लाकूड, शिंपले आहेतच.

लाइन तुटली आणि टोक स्प्रिंगसारखं वळलेलं: गाठ सरकली. लाइन तुटलेलीच नाही.

डोहकाठ

शेवटचा प्रकार. बहुतेक वेळा किडा आणि गळ दोन्ही जातात, लाइनचं टोक पीळ पडून वळलेलं असतं. गाठ साधी क्लिंच, चार-पाच वेढे. क्रँकबेटवर मात्र एकदोनदा मागच्या ट्रेबलचा एक काटा उघडलेला होता.

गाठीगोष्टी

मग हे दोन वेगळे आजार आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.

किड्याचं: फ्लोरोकार्बन ताठ आणि गुळगुळीत, त्यावर कमी वेढ्यांची साधी क्लिंच सरकते. एकेरी गळाला पॅलोमार बांधा. लाइन दुहेरी करून छिद्रातून घ्या, सैल साधी गाठ मारा, फास गळावरून पलीकडे काढा आणि ओढा. दुहेरी लाइनचे दोन पदर एकमेकांवर चढलेले नकोत, चढले तर एक पदर दुसऱ्याला कापतो. ओढण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडी ओढली की घर्षणाने तापून फ्लोरो तिथेच कमकुवत होतं. गाठीबाहेर लाइनचं शेपूट दोन-तीन मिलिमीटर ठेवा. मग गळ कशाला तरी अडकवून जोरात ताण द्या. सरकायची असेल तर आत्ताच सरकू दे.

क्रँकबेटवरून पॅलोमारचा फास काढताना ट्रेबल अडकतात. तिथे पाच वेढ्यांची युनी बांधा.

प्रत्येक माशानंतर शेवटचा अर्धा मीटर ओठातून किंवा नखावरून फिरवा. खरखर लागली की कापा आणि नवी गाठ. आळस इथे महागात पडतो.

ढील_दे

ड्रॅगचं मी सांगतो. हाताने ओढून ‘बराच घट्ट’ म्हणजे काहीच नाही. ओल्या हाताला आणि कोरड्या हाताला तो वेगळा लागतो. वजन करायचा लटकता काटा घ्या.

लाइन सगळ्या कड्यांतून ओवून काट्याला बांधा. रॉड ४५ अंशांत धरून दुसऱ्याला काटा सावकाश मागे न्यायला सांगा. सरळ रिळातून मोजलेला आकडा कमी येतो, कारण वाकलेल्या रॉडच्या कड्यांवरचं घर्षण त्यात धरलं जात नाही. लाइनच्या ताकदीच्या २५ ते ३० टक्के ठेवा. साडेचार किलोच्या लाइनला १.१ ते १.३ किलो. गाठीमुळे लाइनची ताकद कमी होते आणि हिसक्याला ताण वाढतो, तेवढ्यासाठी उरलेली जागा लागते.

आकडा दोन वेळा वाचा: लाइन सुटायला लागते तो क्षण आणि सुटत असतानाचा. सुरुवातीचा आकडा चालत्यापेक्षा खूप जास्त असेल, म्हणजे १.२ वर चालणारा ड्रॅग सुटायला १.८ मागत असेल, तर ड्रॅगमधले वॉशर (घर्षणाच्या चकत्या) मळलेत किंवा दबून चिकटलेत. खोला, पुसा, कार्बन वॉशरला ड्रॅग ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. रीळ ठेवून देताना ड्रॅग पूर्ण ढिला करा. मोठा मासा जवळ येऊन अचानक झेपावतो तेव्हा हाच सुरुवातीचा आकडा लाइनवर येतो. तुमची गाठ तिथेच सरकत असणार.

स्पूल रिकामं होत गेलं की त्रिज्या घटते आणि तोच ड्रॅग जड होतो. ४६ मिमीचा वेढा ३५ वर आला तर १.३ चे १.७ होतात. बासला एवढी लाइन क्वचितच जाते, पण मुळात स्पूल अर्धं भरलेलं असेल तर हा फरक लक्षात घ्या.

डोहकाठ

काटा लावून बघितला. सुटताना २.३ किलो, चालताना १.६.

ढील_दे

बघा, साडेचारच्या लाइनवर सुटतानाच निम्म्याहून जास्त. त्यात सरकणारी क्लिंच. वॉशर साफ करा, चालता १.२ वर आणा, मग पुन्हा मोजा.

खंड्या

आता ‘जवळ आल्यावरच का’ याचं उत्तर. चाळीस मीटर लाइन बाहेर असते तेव्हा ती ताणली जाते आणि हिसका गिळते. तीन मीटर उरली की तो ताण तेराव्या हिश्शावर येतो. ब्रेडेड (धागे विणून केलेली, न ताणणारी लाइन) असेल तर तेवढाही नाही. उरतो रॉडचा वाक आणि ड्रॅग. म्हणून मासा दिसायला लागला की:

रॉड उभा करू नका. मासा नावेखाली आणि रॉड आभाळाकडे, असं झालं की सगळा भार टोकावर येऊन तो तडकतो. रॉड आडवा, पाण्याला समांतर, मासा ज्या बाजूला जातोय त्याच्या उलट बाजूला.

तो खाली दाबत असताना रीळ फिरवू नका. फिरवलं तर लाइन येत नाही, फक्त ताण वाढतो. जाऊ द्या, थांबला की गोळा करा.

उडी मारणार हे लाइन वर येते त्यावरून कळतं. रॉडचं टोक पाण्यात बुडवा आणि ताण कायम ठेवा. लहान बास पूर्ण बाहेर येतो. मोठा बहुधा अर्धाच बाहेर येऊन तोंड उघडून डोकं झटकतो, आणि ते जास्त घातक, कारण जड ल्युअरचं (नकली आमिषाचं) वजन गळ उपटून काढतं.

कातळपाणी

जवळ आल्यावर ड्रॅगचा तारा (रिळावरची चांदणीच्या आकाराची कळ) थोडा मागे फिरवतात तेही सांगा.

ढील_दे

नको. घाईत किती फिरला ते कळत नाही, आणि गवतात घुसणाऱ्या माशाला मोकळीक मिळते. ड्रॅग मुळातच बरोबर असेल तर हात लावायची गरज नाही. जास्त रोखायचं असेल तर अंगठा स्पूलवर, आणि अंगठा उचलला की लगेच मूळ आकडा परत. दाट पाणवनस्पतीत मासेमारी करायची असेल तर हा सगळा हिशेब सोडा: तिथे ४० ते ५० पौंडी ब्रेडेड, जाड तारेचा गळ, घट्ट ड्रॅग आणि मासा लागताक्षणी बाहेर ओढायचा. खेळवत बसायचं नाही.

गाठीगोष्टी

क्रँकबेटच्या उघडलेल्या काट्याचं राहिलं. फास्ट मीडियम-हेवी रॉड ट्रेबलला फार ताठ. मॉडरेट अ‍ॅक्शनचा, शक्यतो फायबरग्लासचा रॉड वापरा. तो मधून वाकतो आणि बारीक तारेचा काटा वाचवतो. तो नसेल तर याच रॉडवर ड्रॅग एक किलोपर्यंत खाली आणा आणि ट्रेबल एका दर्जाने जाड तारेचे लावा. फार जाड नको, ल्युअरची चाल बिघडते.

पाणकोंबडी

आणि हवेत उचलू नका. पाण्यात शून्य असलेलं वजन हवेत पूर्ण लाइनवर येतं, वर हिसके. दोन किलोच्या मासोळीला हातजाळी लावा, आधी डोकं आत. जाळी तिच्याकडे नेण्याऐवजी तिला जाळीवर आणा. ट्रेबल असेल तर ओठ धरायला अंगठा घालूच नका, डोकं झटकलं की काटा बोटात.

सोडायची असेल तर मोठीला फक्त जबड्याने उभी लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली घेऊन आडवी धरा. तीस अंशांच्या पाण्यात झुंज लांबवू नका. दमछाक भरून यायला तिला काही तास लागतात, आणि गरम पाण्यात कधीकधी ती भरून येतच नाही.

डोहकाठ

वॉशर साफ करून पुन्हा मोजलं: सुटताना १.४, चालताना १.२. पॅलोमार बांधून ताण दिला, सरकत नाही. ट्रेबलसाठी मॉडरेट रॉड बघतो. रॉड किती लांब घ्यावा?

गाठीगोष्टी

२.१ चाच घ्या. लांब फेक हवी असेल तर २.२५. त्यापुढे नावेजवळ वळवायला अडचण होते.