मदत हवी आहे: टीएलसीत पालकाचे रंग वेगळेच होत नाहीयेत

चिवडाभक्त: उद्या दुपारी प्रोजेक्ट दाखवायचाय. पालकाच्या अर्काची टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) करतोय, म्हणजे सिलिकाचा थर दिलेल्या प्लेटवर सॉल्व्हंट चढवून रंग वेगळे करायचे. सकाळपासून सहा प्लेटा वाया गेल्या. सगळा हिरवा रंग एकत्र वर जाऊन बसतो. एक निळा पट्टाही येतो, तो कुठला पिगमेंट? लवकर सांगा.

सातपूरकर: सॉल्व्हंट कुठलं ते लिहिलंच नाहीस. अर्काचा ठिपका केवढा?

जुनी_प्लेट: पावसाळा आहे राव. जुलैत सिलिका दमट होते. प्लेट ११० अंशांवर अर्धा तास ओव्हनमध्ये ठेव, बाकी काही बघू नकोस.

सातपूरकर: दमट हवेनं आरएफ (सॉल्व्हंटच्या तुलनेत रंग किती वर चढला तो आकडा) थोडाफार वाढतो, सगळं टोकाला जात नाही. आधी त्याला बोलू तर दे.

जुनी_प्लेट: आम्ही वीस वर्षं हेच केलंय. नंतर आयोडीनमध्येही धर.

सातपूरकर: रंग डोळ्यांना दिसतोय, आयोडीन कशाला?

चिवडाभक्त: सॉल्व्हंट नेहमीचंच. अॅसिटोन. पालकही त्यातच खलला.

सातपूरकर: तिथंच घोळ आहे. अर्क काढायला अॅसिटोन ठीक, पण प्लेट चालवायला नुसतं अॅसिटोन फार ध्रुवीय. सिलिकाला काही धरूनच ठेवू देत नाही. हेक्झेन ७ भाग, अॅसिटोन ३ भाग घे. ठिपका बारीक, वाळवून पुन्हा त्याच जागी. आणि तो सॉल्व्हंटच्या पातळीच्या वर राहायला हवा.

पंचवटीकर: पालकापेक्षा द्राक्षाच्या सालीचा रंग, अँथोसायनिन, घे ना, नाशिकचं काहीतरी होईल.

सातपूरकर: जुलैत द्राक्षं कुठून आणणार? शिवाय तो रंग पाण्यात विरघळणारा, हेक्झेनमध्ये जागचा हलायचा नाही.

चिवडाभक्त: जमलं!! सगळ्यात वर केशरी-पिवळा, मग करडा, निळसर हिरवा, पोपटी, खाली पिवळे.

सातपूरकर: कॅरोटीन, फिओफायटिन, क्लोरोफिल ए, क्लोरोफिल बी, झँथोफिल. आत्ताच पेन्सिलीनं गोल कर, कॅरोटीन उजेडात फिकं पडतं.

चिवडाभक्त: पण निळा पट्टा आहेच, थोडा खाली आलाय इतकंच.

सातपूरकर: जिथं ठिपका लावलाच नाही, तिथंही दिसतो का?

चिवडाभक्त: हो, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

सातपूरकर: खालची रेघ कशानं आखलीस?

चिवडाभक्त: बॉलपेननं. पेन्सिल नीट दिसत नाही.

सातपूरकर: अरे, ती शाई धावतेय! ग्रॅफाइट विरघळत नाही, म्हणून पेन्सिल वापरतात.

चिवडाभक्त: जर्नलमध्ये ‘अँथोसायनिन’ लिहून मॅडमची सही घेऊन आलोय.