मदत हवी आहे: कलाबाजारात छायाचित्रांच्या प्रिंट विकताना मर्यादित प्रती ठेवाव्यात का?

नमस्कार,

छायाचित्रण हा माझा जुना छंद असून, येत्या स्थानिक कलाबाजारात स्वतःच्या छायाचित्रांच्या प्रिंट विकण्यासाठी मला प्रथमच एक टेबल मिळाले आहे. छपाईचे बरेचसे ठरले आहे. मात्र आकार कोणते ठेवायचे, प्रत्येकाच्या प्रती किती काढायच्या आणि त्या 'मर्यादित' म्हणून (ठरलेल्या संख्येपलीकडे न छापण्याचा शब्द देऊन) विकायच्या की नाही, हे प्रश्न एकमेकांत असे गुंतले आहेत की एक सोडवायला घेतला की दुसरा पुन्हा उघडतो. ज्यांनी स्वतः अशी विक्री केली आहे, त्यांचे मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

माझ्या कॅमेऱ्याची फाइल ६००० × ४००० पिक्सेलची, म्हणजे ३:२ या प्रमाणातली आहे. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर साधारण २० × १३ इंचांपर्यंत चांगली छपाई होते, त्यामुळे मोठ्या आकाराची चिंता नाही. अडचण लहान आकारात आहे. ८ × १२ इंचांत छायाचित्र पूर्ण बसते, परंतु तयार फ्रेम सहज मिळतात त्या ८ × १० च्या, आणि त्या मापात भरून छापायचे तर लांबीचा सहावा हिस्सा कापावा लागतो. ज्या छायाचित्रावर माझी सर्वाधिक भिस्त आहे, त्यात डाव्या टोकाला दीपस्तंभ आणि उजव्या टोकाला परतणारी होडी आहे. मधले रिकामे पाणी हेच त्या चित्राचे सर्वस्व. कुठूनही कापले तरी दोहोंपैकी एकाचा बळी जातो. म्हणून ८ × १० च्या कागदावरच ९ × ६ इंचांचे चित्र छापून डावी-उजवीकडे अर्धा इंच आणि वर-खाली एकेक इंच पांढरी कड सोडावी, असा विचार आहे. खालच्या कडेवर सहीसाठी जागाही मिळते. परंतु ग्राहकाला हे नीटनेटके वाटते, की कागदाच्या मानाने चित्र लहान वाटते? टेबलामागे उभे राहिलेल्यांनाच हे सांगता येईल.

आता मुख्य प्रश्न. डाव्या कोपऱ्यात '३/२५' (पंचवीसपैकी तिसरी प्रत) असा क्रमांक आणि उजवीकडे पेन्सिलीने सही, ही पद्धत मला परिचित आहे. लिथोग्राफ (दगडावरून केलेली छपाई) किंवा एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून केलेली छपाई) यांच्या बाबतीत तिला तांत्रिक आधारही होता, कारण विशेषतः एचिंगमध्ये छापता छापता पत्रा झिजत असे. डिजिटल फाइल झिजत नाही. पंचविसावी प्रत पहिलीसारखीच निघते. म्हणजे येथे मर्यादा ही पूर्णपणे विक्रेत्याने दिलेल्या शब्दावर उभी असते, आणि म्हणूनच तो शब्द नेमका कशाबद्दल आहे हे मला आधी पक्के करायचे आहे. पंचवीस प्रती म्हणजे सर्व आकार मिळून पंचवीस, की प्रत्येक आकाराच्या पंचवीस? काही जण आकार किंवा कागद बदलून नवी मालिका सुरू करतात, असे वाचनात आले. नियमात ते बसतही असेल, पण पहिल्या मालिकेतली प्रत घेणाऱ्याला ते कळले तर त्याला काय वाटेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. शिवाय तेच चित्र शुभेच्छापत्रावर छापले, तर मर्यादेचा भंग झाला असे मानतात का?

सध्या माझा कल असा आहे की लहान प्रिंट अमर्यादित, फक्त सही केलेल्या ठेवाव्यात. आणि सुती मॅट कागदावर पिगमेंट (रंगकणांच्या) शाईने छापलेल्या मोठ्या प्रिंटनाच क्रमांक द्यावा. सोबतच्या चिठ्ठीवर आकार, कागद, एकूण प्रती आणि 'हेच चित्र लहान आकारात अमर्यादित उपलब्ध आहे' हे वाक्य स्पष्ट लिहावे. या वाक्याने मोठ्या प्रिंटची विक्री मंदावते का, हे जाणून घ्यायचे आहे. व्यवहार म्हणून ते कदाचित शहाणपणाचे नसेल, तरी ते गाळण्याची माझी तयारी नाही.

मांडणीबद्दल एवढेच विचारतो: लहान प्रिंट पाठीमागे आम्लरहित पुठ्ठा घालून पारदर्शक पिशवीत उभ्या ठेवाव्यात आणि लोकांना त्या चाळू द्याव्यात, असे ठरवले आहे. मोठ्या प्रिंट मात्र फ्रेम करून टांगाव्यात, की फक्त एक नमुना फ्रेममध्ये दाखवून बाकीच्या माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून विकाव्यात? काचेवरचे प्रतिबिंब, वाहतुकीतली फुटतूट आणि फ्रेममध्ये अडकणारे पैसे पाहता मला दुसरा मार्ग बरा वाटतो.

छपाईची मागणी लवकरच नोंदवायची असल्याने आकार आणि क्रमांक या दोन मुद्द्यांवरची मते आधी मिळाली तर फार सोयीचे होईल. पहिल्याच बाजारासाठी मोठ्या प्रिंटच्या सर्व पंचवीस प्रती एकदम छापून ठेवण्याऐवजी दोन-तीन छापून बाकीचे क्रमांक मागणीनुसार भरत जाणे रूढ आहे का, हेही कृपया सांगावे. तसे असल्यास पुढच्या खेपेला तोच कागद आणि तोच रंग मिळावा यासाठी छापणाऱ्याकडून कोणत्या नोंदी घेऊन ठेवाव्यात?