मदत हवी आहे: ब्रेक दाबला की डावीकडचा लाल दिवा विझतो

नमस्कार. आमची २००६ ची छोटी पेट्रोल गाडी आहे. बाबांनी घेतलेली, आता मीच चालवते. महिन्यातून दोन-तीनदा चिपळूणहून कराडला जावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. गेल्या आठवड्यात घाटात दाट धुकं होतं. वळणावर ब्रेक मारला आणि मागचा टेम्पो डिकीला लागता लागता राहिला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "ताई, ब्रेक मारला की डावीकडचा होता तो दिवापण जातो तुमचा." मागच्या सीटवर आई बसली होती. त्या दिवसापासून गाडी घाटात घातलेली नाही.

घरी आल्यावर भावाला पेडल दाबायला बसवून मी मागे उभी राहिले. उजवा ब्रेकलाइट लख्ख लागतो, काचेतला तिसराही लागतो. डावीकडे मात्र पार्किंग लाइट चालू असताना ब्रेक दाबला, तर लागलेला दिवा जवळजवळ विझतो आणि शेजारचा इंडिकेटर मिणमिणतो.

फ्यूज पाहिला, शाबूत आहे. डावा बल्ब (दोन फिलामेंटचा, २१/५ वॅट) नवा टाकला, फरक नाही. उजवीकडचा चांगला बल्ब डावीकडे लावला तर तोही तिथे तसाच वागतो. गॅरेजवाले म्हणतात मागची सगळी वायरिंग बदला, साडेचार हजार होतील. पैशांपेक्षा धास्ती आहे ती चांगल्या वायरी कापून जागोजागी जोड मारले जातील याची. शिवाय पंधरा वर्षांनंतरचं दुसरं पासिंग जवळ आलंय.

आणखी एक, कदाचित याच्याशी संबंध नसेल: सगळे दिवे बंद ठेवून ब्रेक दाबला तर डॅशबोर्डमधला मीटरचा उजेड किंचित लागतो.

कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १
एलईडी बल्ब टाकून बघा, करंट कमी घेतात.

प्रतिसाद २
एलईडी आत्ता नको, मूळ दोष झाकला जाईल.

ताई, तुम्ही शेवटी लिहिलंत त्यातच उत्तर आहे. ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात माझी तीस वर्षं गेली. हे लक्षण अर्थिंग (दिव्यातला करंट बॉडीच्या पत्र्यात परत जायची जोडणी) तुटल्याचं आहे. उजवा आणि तिसरा दिवा लागतोय, म्हणजे फ्यूज आणि पेडलवरचा स्विच दोन्ही ठीक. डाव्या दिव्यापर्यंत करंट पोचतो, पण बॉडीत परत जायला त्याला वाट नाही. मग तो त्याच बल्बच्या दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा पार्किंगच्या वायरीत शिरतो आणि तिथून डॅशबोर्डपर्यंत जातो. इंडिकेटर मिणमिणतो तोही यामुळेच, कारण त्याची अर्थिंगची वायरही तीच.

मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक डाव्या होल्डरच्या अर्थिंगच्या वायरीला (बहुतेक गाड्यांत काळी), दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्याला. ब्रेक दाबून आकडा बघा. जवळपास शून्य यायला हवा, फार तर ०.१-०.२. व्होल्टभर आला तरी अर्थिंग खराब समजा. मग त्याच दोन जागा मीटरभर वायरीने जोडून ब्रेक दाबा. दिवा लख्ख लागला की निदान पक्कं. फक्त ही वायर दुसऱ्या कुठल्या वायरीला लागू देऊ नका, फ्यूज उडेल.

गाडी कधी पाण्यात उभी होती का?

धागाकर्ती
होती, काका. २२ जुलै २०२१ च्या पुरात, सीटपर्यंत पाणी. तेव्हा इंजिन आणि सीटांचं काम केलं, मागे कुणी उघडून पाहिलं नाही. उद्या मीटर लावते.

धागाकर्ती (दोन दिवसांनी)
ब्रेक दाबल्यावर साडेसात व्होल्ट! वायर जोडली आणि दिवा एकदम भरून लागला. भाऊ आतूनच ओरडला, "डॅशबोर्डचा उजेड गेला!"

मग डिकीचं डावीकडचं अस्तर काढलं. काळी वायर जिथे बोल्टने पत्र्याला धरलीय, तिथे पुराचा चिखल वाळून दगड झाला होता. वायरीच्या टोकाची रिंग हिरवी पडून अर्धी खाल्ली गेली होती, बोल्ट गंजलेला. नवी रिंग दाबून बसवली, पत्रा पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन लावलं. आता मीटर ०.०५ दाखवतो. सगळा खर्च दीडशेच्या आत. काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आईला घेऊन परत घाटातून जायचा धीर आलाय.

रविवारी उजवीकडचं अस्तरही काढते. चिखल तिथेही बसलाच असणार. या काळातल्या छोट्या गाड्यांत अर्थिंगचे बोल्ट आणखी कुठे कुठे असतात?

प्रतिसाद २
बॅटरीच्या निगेटिव्हची केबल बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथे धरलीय ते दोन्ही आधी बघा. मग डॅशबोर्डखाली, दाराजवळच्या पायाशेजारच्या पत्र्यावर. सीटपर्यंत पाणी होतं म्हणजे तोही बुडालेला. बोल्ट सोडवण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा.