रस्ता चुकलात कधी? (अनुभव धागा)

धुऱ्यावरचा: काल रात्री यवतमाळहून गावी जाताना स्वतःच्याच गावचा फाटा चुकलो. जन्म इथला! रस्ता रुंद करताना फाट्यावरची चिंच तोडली, हे माहीत होतं मला. पण चिंच दिसली की वळायचं, ही हाताची सवय. चार किलोमीटर पुढं गेल्यावर ढाबा अनोळखी वाटला तेव्हा ट्यूब पेटली.

मग आबांचा चकवा आठवला. जागलीवरून परतताना तीनदा फिरून त्याच विहिरीवर आले. शेवटी खाली बसले, तंबाखू मळली, सदरा उलटा घातला आणि उजाडेस्तोवर हलले नाहीत. उजाडल्यावर पाहतात तर घर दोन वावरं पलीकडं. तुमचेही येऊ द्या.

पऱ्हाटीवाली: पिंपळगाव!! फोनवालीनं भलत्याच पिंपळगावात नेलं. तिथंही मांडव, तिथंही लग्न. पहिली पंगत जेवून आहेर दिला, मग नवरदेव पाहिला. वांग्याची भाजी मात्र एक नंबर.

जागल्या: आहेर वापस मांगला का?

पऱ्हाटीवाली: कसा मांगणार जी, जेवलो होतो ना.

वर्धेकर: चकवा म्हणजे भूतबित नाही. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला लावलं. सूर्य-चंद्र दिसत होते तोवर चालले सरळ. ढग आले की गोल फिरून आपल्याच वाटेवर, आणि वाटत होतं सरळच चाललोय. अमावस्येला कपाशीत दुसरं काय होणार?

जागल्या: त्या जर्मनवाल्याईनं सदरा उलटा घालून पाह्यला का पण?

वर्धेकर: 😂 ते नाही लिहिलं.

बंडीवाला: बैलाईचं कोनीच नाही लिहिलं. बाबा कापूस खाली करून बंडीत झोपूनच येत. बैलं बरोबर दारात आनून सोडत. एक साल बाजारातून नवी जोडी घेतली. पहिल्याच फेरीले बाबाले पहाटे जाग आली त जुन्या मालकाच्या गोठ्यापुढं! त्याची बायको बैलाच्या गळ्यात पडून रडून राहिली होती. बाबा च्या पिऊन आले. मायनं दोन दिवस बोलनं टाकलं होतं, तिले वाटलं दुसरीकडंच गेल्ता.

निवृत्त मास्तर: आम्ही बाजेवरून दिशा काढायचो. बाज म्हणजे सप्तर्षी. पुढचे दोन तारे, क्रतू आणि पुलह, यांना जोडणारी रेघ पुलहाकडून क्रतूकडं पाचपट वाढवली की ध्रुव. पण आपल्याकडं तो क्षितिजापासून 20-21 अंशच वर, म्हणजे हात लांब करून धरलेली एक वीत. तूर डोक्यापर्यंत वाढली की गेला. मग मी शकुंतला रेल्वेचे रूळ गाठायचो. दारव्हा मोतीबाग स्टेशन येईस्तोवर पाय रुळावरून काढायचे नाहीत.

पऱ्हाटीवाली: मास्तर, शकुंतलेत माझं माहेरपण गेलं हो. पळत्या गाडीतून उतरून बोरं तोडायचो.

जागल्या: पळती??

पऱ्हाटीवाली: बरं, चालती.

बंडीवाला: धुरेभाऊ, ती चिंच म्हंजे जिच्याखाली रसवंती होती तेच का?

धुऱ्यावरचा: तेच. रसवाला आता ताडपत्री टाकून पलीकडं बसतो. दिवसा त्याला पाहून वळतो. रात्री तो दुकान बंद करून घरी जातो ना राजा.