मदत हवी आहे: गच्चीवरच्या मिरचीची पानं आखडली, टोमॅटो बुडाकडून काळे पडतायत

जुन्नरची_लेक

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमची तिसऱ्या मजल्यावर गच्ची आहे, दुपारी चारपर्यंत थेट ऊन. ग्रो बॅगमध्ये टोमॅटो आणि मिरच्या आहेत, दोन कुंड्यांत सिमला मिरची. दिवाळीनंतर रोपं लावली, थंडीभर सगळं जोमात होतं. होळी झाली, ऊन तापायला लागलं आणि एकेक सुरू झालं. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

मिरचीत दोन प्रकार दिसतायत. काही झाडांची पानं कडेने वर वळून होडीसारखी झालीत. काहींचं बरोबर उलट: शेंड्याची पानं अरुंद आणि लांबट, कडा खाली वळलेल्या, देठ नको इतके लांब, पान हाताला कडक लागतं. दोन्हींवर फुलं येतात पण टिकत नाहीत.

टोमॅटोचं फळ लिंबाएवढं झालं की बुडाला पाणचट डाग पडतो, चार-पाच दिवसांत तो काळा आणि खोलगट होतो. वरचा भाग मात्र अगदी छान असतो. शिवाय एका झाडाचा शेंडाच बसलाय. पानं बारीक, पिवळट, वाटीसारखी वळलेली, आणि झाडाला हात लागला की बारीक पांढरे कीटक भुर्रकन उडतात.

सिमला मिरचीची फुलं देठासकट पिवळी पडून गळतात.

आता खरी अडचण. माझ्या वडिलांनी आयुष्यभर टोमॅटो केला, नारायणगावच्या बाजारात क्रेटच्या क्रेट माल घातला. आता गुडघ्यांमुळे आमच्याकडे असतात. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा त्यांनीच गच्चीवर लावायचं मनावर घेतलं. बांधणी तर बघत राहावी अशी करतात. सुतळीचा एक वेढा काठीला, मग पीळ देऊन दुसरा सैल वेढा झाडाला, म्हणजे खोड काठीवर घासत नाही. पण फवारणी म्हटलं की त्यांचा हिशोब एकराचा आणि पंपाचा. इथे माझी मुलगी आणि शेजारची पोरं फळ तोडतात आणि तिथेच खातात. त्यामुळे शेतातली औषधं इथे नकोत, हे त्यांनाही पटलंय. ते म्हणतात, "मग काय मारायचं ते नीट विचार, आणि किती ते पण विचार."

तर कोणती झाडं वाचतील, कोणती उपटावीत, आणि एका कुंडीला किती, हे कुणी अनुभवी सांगेल का?

ठाणेकर_बाल्कनी

ताई, टोमॅटोच्या बुडाचा डाग म्हणजे कॅल्शियम कमी. अंड्याची टरफलं कुटून घाला आणि महिन्यातून एकदा एप्सम सॉल्ट द्या. मिरचीवर आंबट ताक फवारा, आमच्याकडे सगळे तेच करतात.

मातीवेडा

ताई, तुम्ही लक्षणं फार नीट लिहिलीत, त्यामुळे बरंच काम सोपं झालं. तुमच्याकडे चार वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना एक उपाय नाही.

आधी टोमॅटोचं बूड. हा रोग नाही, एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही. कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही म्हणून तिथल्या पेशी मरतात. पण मातीत कॅल्शियम नसतं असं क्वचितच होतं. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाण्यात खंड पडला की पुरवठा तुटतो. पानं पाणी जास्त ओढतात, त्यामुळे फळ उपाशी राहतं. ग्रो बॅग दुपारी पार कोरडी होते, संध्याकाळी तुम्ही भरपूर पाणी घालता, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इथेच सगळं बिघडतं. भरीला नत्र जास्त झालं तर पाला माजतो आणि फळाच्या वाट्याला आणखी कमी येतं. युरिया किंवा शेणाची स्लरी सारखी देत असाल तर थांबवा.

ठाणेकर, टरफलं घालायला हरकत नाही, पण ती मातीत विरघळायला फार काळ जातो, या हंगामातल्या फळांना त्याचा उपयोग नाही. एप्सम सॉल्ट मात्र या बाबतीत देऊच नका. त्यात मॅग्नेशियम असतं, आणि मॅग्नेशियम जास्त झालं की मुळं कॅल्शियम कमी घेतात, म्हणजे आहे तो त्रास वाढतो. हा सल्ला इतक्या ठिकाणी फिरतोय की मला दरवेळी मुद्दाम लिहावं लागतं.

डागाळलेली फळं काढून टाका, झाडाची ताकद पुढच्या फळांना जाईल. काळा भाग कापून उरलेलं फळ भाजीत घालता येतं.

आता मिरची. पानं वर वळली तर बहुतेक फुलकिडे. खाली वळली, देठ लांबले, पान कडक झालं तर कोळी (माइट, रस शोषणारा अगदी बारीक जीव). गावाकडे दोन्हीला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात, पण उपाय वेगळे आहेत: फुलकिड्यांना निंबोळी, कोळ्याला गंधक. खात्री करायची तर पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि फांदीला टिचकी मारा. पिवळट, लांबट, सुईच्या टोकाएवढे जीव सरपटताना दिसले तर फुलकिडे. मिरचीवरचा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं.

शेंडा बसलेलं, पांढरी माशी उडणारं टोमॅटोचं झाड उपटा. तो पर्णगुच्छ विषाणू आहे, त्यावर औषध नाही, ताकही नाही आणि महागडं टॉनिकही नाही. आधी झाडावर प्लास्टिकची पिशवी घालून मग उपटा, नाहीतर माश्या उडून शेजारच्या झाडावर बसतील. सकाळी लवकर केलंत तर त्या सुस्त असतात.

सोलापूरकर

उन्हाचं आम्हाला विचारा :)

बॅग थेट स्लॅबवर ठेवली असेल तर आधी उचला. खाली दोन विटा किंवा लाकडी फळी. स्लॅब तापला की मुळं शिजतात, वरून कितीही पाणी घाला. मातीवर बोटभर जाड आच्छादन करा: वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट, जे मिळेल ते. आच्छादनानंतर पाणी निम्म्यावर येतं असा माझा अनुभव. पाणी सकाळी भरपूर, खालून निथळेपर्यंत, आणि एप्रिलमध्ये संध्याकाळी थोडं. दुपारच्या उन्हाला हिरवी शेडनेट, ५० टक्केवाली. पूर्ण झाकू नका, पश्चिमेकडून आडवी लावा.

सिमला मिरचीचा नाद उन्हाळ्यात सोडा. दिवसा पारा ३२-३५ च्या वर गेला आणि रात्रीही गारवा उरला नाही की ती फुलं टाकते. टोमॅटोही टाकतो, पण जरा उशिरा. साधी तिखट मिरची सगळ्यात चिवट.

गोव्याची_परसबाग

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास टोमॅटोच्या फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारून बघ गो. टोमॅटो आणि मिरचीत एकाच फुलात नर-मादी असतं, फक्त पराग झडायला हवा. उघड्यावर वारा आणि मधमाश्या ते काम करतात, उंच इमारतीत मधमाश्या कमी येतात. आमच्याकडे निळ्या पट्ट्यांची रानमाशी फुलाला धरून गुणगुणते, त्या थरथरीनेच पराग खाली पडतो. ती दिसली तर तिच्यासाठी तुळस आणि सब्जा फुलू द्या, तुरे खुडू नका.

जुन्नरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार!

कागदाची परीक्षा केली. वर वळलेल्या पानांखाली पिवळट जीव स्पष्ट दिसले, बाबांनी लगेच "हेच ते, थ्रिप्स" म्हणून ओळखले. शेतात हे फुलात हात घालून बघायचे, कागदाची युक्ती त्यांना फार आवडली. खाली वळलेल्या पानांच्या झाडांवर कागदावर काहीच पडलं नाही, म्हणजे तिथे कोळी धरायचा ना?

विषाणूचं झाड पिशवीत घालून काढलं. बॅगा विटांवर ठेवल्या.

आता बाबांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "निंबोळीचं औषध पंपाला किती आणि गंधक पंपाला किती?" आमच्याकडे पंप नाही, एक लिटरची फवारणीची बाटली आहे.

मातीवेडा

काकांना नमस्कार सांगा. पंप १५ लिटरचा, तेव्हा त्यांच्या आकड्याला १५ ने भागलं की तुमच्या बाटलीचं प्रमाण निघतं. १०,००० पीपीएमचं तयार निंबोळी औषध पंपाला ३० ते ४५ मिली, म्हणजे बाटलीला २ ते ३ मिली. १,५०० पीपीएमचं असेल तर लिटरला ५ मिली. पीपीएम म्हणजे औषधाची तीव्रता, डब्यावरचा तो आकडा वाचल्याशिवाय मोजू नका, नर्सरीत दोन्ही मिळतात. घरी करायचं तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायचं, चिमूटभर साबणचुरा घालून त्याच दिवशी वापरायचं. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला पडतात, तेव्हा गोळा करून सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षभर पुरतात.

फुलकिडे पानाच्या खाली आणि फुलात असतात, म्हणून बाटलीचं तोंड वर करून खालून फवारा. ऊन उतरल्यावरच. नीमतेल आणि साबण उन्हात पान जाळतात. एका फवारणीने भागत नाही, आठवड्याच्या अंतराने तीन करा. निळे चिकट सापळे फुलकिड्यांसाठी, पिवळे पांढऱ्या माशीसाठी. शेंड्याच्या उंचीवर टांगा आणि झाड वाढेल तसे वर घ्या.

कोळ्याची झाडं: होय, तसंच धरा. सगळ्यात आखडलेले शेंडे दोन-तीन पानांखाली कापून पिशवीत टाका. मग पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. तीन गोष्टी सांभाळा. पारा ३५ च्या आसपास असेल त्या दिवशी गंधक मारू नका, पानं करपतात. निंबोळी किंवा कुठलंही तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नको. म्हणून ज्या झाडावर कोळी आहे तिथे फक्त गंधक, ज्यावर फुलकिडे आहेत तिथे फक्त निंबोळी, बाटलीही धुवून घ्या. आणि पोरं फळ तोडून खातात ना, फवारणीआधी तयार फळं उतरवून घ्या, नंतर डब्यावर लिहिलेले दिवस पाळा, आणि धुतल्याशिवाय तोंडात घालायचं नाही हा नियम सगळ्यांनाच लावा.

आधीच वळलेली पानं सरळ होणार नाहीत. उपाय लागू पडला की नाही ते नव्या फुटीवरून ठरवायचं.

परसदारी

ताई, उपटलेल्या झाडाच्या मातीचं काय करावं हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पर्णगुच्छाचा विषाणू मातीतून येत नाही, तो पांढरी माशी आणते. ती माती बिनधास्त वापरा, फक्त त्यात लगेच टोमॅटो, मिरची, वांगी लावू नका. गवार किंवा चवळी लावा, उन्हाळ्यात दोन्ही छान येतात.

पुढे कधी हिरवंगार झाड एका दिवसात मान टाकून सुकलं तर मात्र सावध. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून पाण्याच्या स्वच्छ ग्लासात टांगा. कापलेल्या टोकातून दुधाळ धागा पाण्यात उतरला तर जिवाणूजन्य मर. तसं झालं तर झाड आणि माती दोन्ही बाहेर.

जुन्नरची_लेक

कळवायचं राहून गेलं होतं. मिरच्यांची नवी फूट सरळ येतेय! कोळीवाल्यांपैकी एक झाड फारच आखडलं होतं, ते बाबांनी स्वतःहून काढलं. बाकीच्यांना फुलं टिकायला लागलीत. टोमॅटोचे आच्छादनानंतर धरलेले घोस बुडाकडून स्वच्छ आहेत, आधीचे डागाळलेले सगळे तोडले. सिमला मिरची नेटच्या सावलीत हलवली, ती नुसती जगवतोय.

बाबा आता वही घेऊन बसलेत. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक त्यांना हवंय, आणि विषाणूला दाद न देणारं टोमॅटोचं वाण कोणतं तेही.

मातीवेडा

काकांच्या वहीसाठी:

तिखट मिरचीचं बी मेअखेरीस ट्रेमध्ये टाका. तिला रोप व्हायला ३५ ते ४० दिवस लागतात, टोमॅटोला २५ ते ३०. म्हणजे मिरची जुलैत कुंडीत जाईल. टोमॅटोचं बी गच्चीसाठी सप्टेंबरमध्ये, पावसाळी टोमॅटोवर करपा फार येतो आणि बिनऔषधाचा तो तगत नाही. सिमला मिरचीचं बी ऑगस्टमध्ये, फळं थंडीत धरतील.

वाणात अर्का रक्षक बघा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं आहे, पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक. संकरित आहे, त्यामुळे त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावू नका. घरचं बी धरायचं असेल तर राहुरी कृषी विद्यापीठाचं धनश्री लावा, सरळ वाण आहे, म्हणजे संकरित नाही. मिरचीत फुले ज्योती, तीही राहुरीचीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोपांच्या ट्रेवर पहिल्या दिवसापासून ४० ते ५० मेशची (इंचाला तितकी छिद्रं असलेली) नायलॉन जाळी. विषाणू लहानपणी शिरला तर झाड फळच देत नाही, उशिरा शिरला तर निदान थोडं देऊन जातं. जाळीच्या कडा विटांनी दाबा, फट ठेवू नका, पाणी जाळीवरूनच शिंपडा.