मिलिशियाला मराठीत काय म्हणायचं?

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींचे जुने कायदे मराठीत आणतेय, त्यात मिलिशिया (सामान्य नागरिकांचं सैन्य) पावलोपावली येतो. 'नागरी सेना' लिहिलं तर होमगार्ड वाटतात आणि मिलिशिया तसंच ठेवलं तर लोकांना इराक-लेबनॉनमधल्या सशस्त्र टोळ्या आठवतात. शिबंदी चालेल का?

— शिबंदी नको प्लीज. ती पगारी माणसं, किल्ल्यावर नाहीतर वसुलीला ठेवलेली. तिकडे उलटं होतं, मॅसॅच्युसेट्समध्ये १६३६ साली गावोगावच्या तुकड्या जोडून तीन रेजिमेंट केल्या त्यात शेतकरी, सुतार, लोहार सगळे आले, साधारण १६ ते ६० वयाचे, बंदूक स्वतःची, दारूगोळा स्वतःच्या खर्चाने घरात ठेवायचा आणि कवायतीला गैरहजर राहिलं की दंड. त्यामुळे 'स्वयंसेवक दल' पण चुकीचं. फक्त पेनसिल्व्हेनियात ते बरोबर बसेल, तिथे क्वेकर लोकांमुळे (युद्धाला विरोध करणारा ख्रिश्चन पंथ) १७७७ पर्यंत सक्ती नव्हती, बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ ला उभं केलेलं दल खुशीचंच होतं.

— मग शिलेदार? तोही घोडा-हत्यार स्वतःचं आणायचा.

— जवळ जातंय, पण शिलेदार चाकरीला असायचा, मोबदला घ्यायचा. मी मिलिशियाच ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे 'सक्तीची गावसेना' असं एकदा सांगून टाकायचं. आणि हो, 'सर्व पुरुष' लिहिताना जपून, व्हर्जिनियाच्या १६४० च्या कायद्यात हत्यारं द्यायच्या यादीतून काळ्या लोकांना स्पष्ट वगळलंय, ते गुळगुळीत करू नका.

— ओके. आणि हत्यारं तपासतात त्याला झडती लिहिलंय मी.

— नाही नाही, झडतीत लपवलेलं शोधतात, सापडलं की गुन्हा. इथे तुकडीचा कारकून बघायचा की बंदूक आहे का, चालते का, बंदुकीची दारू पुरेशी आहे का, म्हणजे हत्यार *नसलं* तर दंड! झडती वाचून वाचकाला वाटेल की सरकार बंदुका काढून घेतंय. 'हत्यारांची पाहणी' लिहा. स्वातंत्र्यानंतरचा १७९२ चा कायदाही याच वळणाचा, स्वतःची मस्केट (लांब नळीची बंदूक), संगीन, चकमकीचे दोन जादा दगड, निदान २४ काडतुसं मावतील अशी पेटी, सगळं सहा महिन्यांत ज्याचं त्याने आणायचं.

— मस्टर?

— आपलं रोजगार हमीचं मस्टर तोच शब्द, मुळात लॅटिन 'दाखवणे' पासून आलेला. पण मराठीत मस्टर म्हटलं की सहीचं रजिस्टरच डोळ्यासमोर येतं, म्हणून 'हत्यारानिशी हजेरी' लिहा, त्यात माणूस आणि बंदूक दोन्ही मोजले जातात.